कालचा खड्डा

रोमेदनं शेवटची थाप खांद्यातून हाणली. बर्फाचा खांब ढिम्म हलला नाही.

"बुर्गल, बघ की! मनगटानं मारलं, कोपरापासून मारलं, आता खांद्यातून. नाही म्हणजे नाही तुटत."

बुर्गल गुडघ्यांवर बसून खांबाकडे बघत होती. खालच्या गावाला जाणारा एकुलता एक रस्ता ज्या उतारांखालून जातो, त्यांच्याच दिशेला तोंड असलेला हा लहानसा, बिनधोक उतार. इथे खड्डा खणायचा, कडेला बर्फाचा खांब सुटा करायचा आणि वरून थापा मारायच्या. खांब तुटला तर त्या मोठ्या उतारांवरचा बर्फही सुटून रस्त्यावर कोसळणार, म्हणून रस्ता बंद. गावच्या हिमसमितीची प्रमुख बुर्गल. रविवारी रस्ता तिनंच बंद केला होता. तेव्हापासून वादळ थांबलं नव्हतं आणि ती धड झोपलीही नव्हती.

तिच्या वडिलांचं, कासिआनचं, डायलिसिस सोमवारी चुकलं. आज बुधवार. असल्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही. रुग्णवाहिका खालच्या गावात, रस्त्यावरच्या आडव्या दांडीपाशी ताटकळत उभी होती.

"काल या उतारावर साखरेसारखा भुसभुशीत थर होता," बुर्गल म्हणाली.

"बसला असेल तो. आज खणायलासुद्धा किती हलकं गेलं! सुटलो बाई एकदाचे. लाव फोन काकांना."

तिनं दातांनी हातमोजा ओढला आणि फोन लावला.

"बाबा, बूट घाला."

"उघडतेस रस्ता?"

"उघडते. तासाभरात गाडी दारात येईल."

"तुझी आई असती तर म्हणाली असती, दवाखान्यात जायला म्हातारा बघा कसा नटतोय."

बुर्गलला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. फोन ठेवून तिनं खड्डा बुजवायला फावडं घेतलं. पहिल्याच घावाला भिंतीचा एक लपका निसटून खाली आला. आतून, हातभर बर्फाखालून, संत्र्याची साल डोकावत होती.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. काल खणलेला खड्डा भरायच्या आधी रोमेद त्याच्या काठावर बसून संत्रं सोलत होता.

"वाऱ्यानं आली असेल," तो म्हणाला.

"हातभर खाली?"

त्यानं फावड्याच्या टोकानं साल उकरून काढली.

"काठी रोवली होतीस ना काल?"

भरलेल्या खड्ड्यात काठी रोवायची, हा समितीचा जुना रिवाज. दुसऱ्या दिवशी चुकून तिथेच कुणी खणू नये म्हणून. भरावात थरच नसतात, मग तुटणार काय कपाळ?

"हात गोठले होते गं. म्हटलं, राहील लक्षात."

लक्षात कसलं राहतंय! इतक्या जागरणानंतर माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ. बुर्गलला त्याचा राग आला, त्या सालीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. भिंतीत एकही थर दिसत नव्हता, तेही तिला चालून गेलं होतं. तिला तेच हवं होतं ना.

"बुर्गल, एकच गाडी जाऊ दे," रोमेद हळूच म्हणाला. "कासिआनकाकांनी मला बर्फावर चालायला शिकवलंय. दोन मिनिटांत गाडी उतारांखालून पार होईल. मी साल पाहिलीच नाही."

"गाडीत बाबा एकटे नसतात, रोमेद."

ती वर चढून कोऱ्या बर्फात खणायला लागली. इथे मात्र फावडं जागोजागी अडत होतं. रोमेद थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग तोही खणायला आला. खांब सुटा झाल्यावर बुर्गलनं फावड्याचं पातं त्याच्यावर ठेवलं आणि नुसत्या मनगटानं थाप मारली. दुसरी मारली. तिसरीला वरचा सगळा थर सर्रकन सरकून तिच्या मांडीवर आला, आणि मागोमाग खालचा भुसभुशीत बर्फ साखरेसारखा ओघळला.

रोमेदनं तोंड फिरवलं. बुर्गलनं मांडीवरचा बर्फही झटकला नाही. तशीच बसून तिनं फोन लावला.

"आली का गाडी?" कासिआननी विचारलं.

"बाबा, बूट काढा."

समितीत अर्धा जन्म घालवलेला तो माणूस. का, कसं, काही विचारलं नाही त्यांनी.

"एकच घातला होता, पोरी," ते म्हणाले. "दुसरा सुजलेल्या पायात जातच नाहीये."