उसनं कुळ

‘आम्ही त्शावे,’ विमानतळाच्या दारात ताता झोलिले म्हणाले, आणि त्यांची बॅग उचलता उचलता म्झिमासीने नेहमीचं वाक्य टाकलं, ‘काय सांगता ताता! मीपण त्शावेच.’

म्झिमासी पर्यटकांना गाडीतून फिरवायचा. पोर्ट एलिझाबेथला हल्ली गकेबेऱ्हा म्हणतात. तो पाहुणा बघून नाव वापरायचा. नाव बदललं तरी समुद्र तिथेच होता, तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं.

इथली खोसा जमातीची माणसं वडीलधाऱ्याला ताता म्हणतात, आणि भेटली की आधी एकमेकांचं कुळ विचारतात. आडनावाऐवजी कुळाच्या नावाने हाक मारली की समोरच्याची छाती फुगते, आणि दोघांचं कुळ एकच निघालं तर ते भाऊच. भावाच्या गाडीतला एसी चालत नाही, अशी तक्रार कोण करतो? म्हणून म्झिमासी सोमवारी एका कुळात जन्मायचा आणि गुरुवारी दुसऱ्या. त्शावे म्हणजे तर राजघराणं. तिथे जन्म घ्यायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

तेवढ्यात मागून तातांची मुलगी खवेझी आली, टोपी सावरत, वाऱ्याला शिव्या देत. तिला बघताच आपल्या युक्तीतली गोम म्झिमासीच्या ध्यानात आली. एका कुळात सोयरीक होत नाही.

टेकडीवरच्या दगडी पिरॅमिडपाशी त्याने इंग्रज गव्हर्नरची गोष्ट सांगितली. त्याची बायको हिंदुस्थानात वारली, आणि त्याने या बंदराला तिचं नाव दिलं. तिने हे गाव पाहिलंसुद्धा नव्हतं.

‘मेल्यावर अख्खं शहर,’ खवेझी म्हणाली. ‘जिवंतपणी मण्यांची एक माळ तरी दिली होती का, ते विचार.’

‘तू कुणी दिलेली घेशील?’ म्झिमासीच्या तोंडून निघून गेलं.

‘देणारा कोण, त्यावर आहे,’ ती म्हणाली, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून हसली. म्झिमासी हादरला. भावाकडे कुणी असं बघतं?

दुसऱ्या दिवशी अड्डोच्या जंगलात हत्तींचा कळप पाणवठ्यावर आला. म्झिमासीने मोका साधून त्शावे कुळाची स्तुती सुरू केली. सकाळी फोनवरून पाठ केली होती. चार ओळी झाल्या नसतील, तोच तातांनी हात वर केला.

‘पुरे रे पुरे. हत्तींसमोर कसला मोठेपणा!’

खरा खानदानी माणूस, म्झिमासीला वाटलं. नाहीतर आपण! लगेच दुसरी शंका आली: म्हाताऱ्याने ओळखलं तर नाही? निवृत्त शाळा-तपासनीस होते ते. खोटं बोलणारी पोरं वासावरून ओळखत असणार.

पण खरी टोचणी वेगळीच होती. त्याचा बाप गेल्या हिवाळ्यात गेला होता. जाताना त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं, एक कुळाचं नाव तेवढं होतं. आणि पोराने काय केलं? बापाला दाराबाहेर उभं करून रोज नव्या माणसाला आत घेतलं आणि बाप म्हटलं. एक म्हातारी हत्तीण त्याच्याकडे बघत कान हलवत होती. म्झिमासीने मान खाली घातली.

शेवटच्या दिवशी ते पेंग्विन बघायला गेले.

‘एकदा जोडी जमली की बहुतेक जन्मभर टिकते,’ त्याने सांगितलं.

‘आणि कुळ विचारत नाहीत?’ खवेझी म्हणाली.

‘खवेझी!’ ताता ओरडले. ‘गप बस.’

म्झिमासीला ते लागलं. तातांच्या आवाजात धाक नव्हता, भीती होती. दीपगृहाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून तातांसमोर उभा राहिला.

‘ताता, मी त्शावे नाही.’

तातांनी वळून खवेझीकडे पाहिलं.

‘खोटं बोललो. सगळ्यांशीच बोलतो, पण तुमच्याशी बोललेलं गळ्याखाली उतरत नाही. हवं तर मला थोबाडीत मारा. पण नंतर एवढं सांगा, माझे काका तुमच्या दारात मागणी घालायला आले, तर कुत्रा सोडाल का?’

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय, म्हणून म्झिमासी पुढे झाला. ताता हसत होते.

‘खवेझी, ऐकलंस? हा त्शावे नाही म्हणे!’

‘मग आता तुम्हीपण बोला ना,’ ती म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासून मागे लागलेय तुमच्या.’

‘अरे, आम्ही तरी कुठले त्शावे?’ तातांनी डोळे पुसले. ‘गावाला निघताना बूट चकचकीत करतो ना, तसं म्हटलं, कुळपण करावं. तिथे कोण ओळखतंय आपल्याला! आणि पहिलाच माणूस भेटला, तो त्शावे. तू स्तुती गात होतास, तेव्हा घाईने थांबवलं तुला. वाटलं, आता हा पुढची ओळ मला विचारणार!’

खवेझीने बापासमोर म्झिमासीचा हात धरला. ती आपल्याला एकदाही भाऊ का म्हणाली नाही, हे त्याला आत्ता कळलं. छातीवरचा दगड उतरला. तिघंही वेड्यासारखे हसले.

मग ताता सावरून उभे राहिले. टोपी नीट केली. ‘आता रीतीने विचारतो, पोरा. तू कुणाचा?’

म्झिमासीही ताठ झाला. बाप मागे येऊन उभा राहिलाय, असं त्याला वाटलं.

‘म्पिंगा,’ तो मोठ्याने म्हणाला. ‘मी म्पिंगा कुळाचा.’

खवेझीचा हात त्याच्या हातातून हळूच निसटला.

‘बाळा,’ ताता झोलिले म्हणाले, ‘आमचं खरं कुळ तेच.’