डावीकडून तिसरी टोपी

"डावीकडून तिसरी टोपी," चंद्रमतीने बोट दाखवलं. "तो माझा प्रणवेश."

शेजारच्या गंगाबाईंनी मान उंच केली. रंगमंचावर कुठल्याशा दूरदेशीच्या गावाचा चौक उभा केला होता. मागे पिवळी रंगवलेली भिंत, आणि भिंतीवरून वादकांच्या पाच गवती टोप्या तेवढ्या दिसत होत्या. तिसरी बाकीच्यांपेक्षा बरीच खाली होती.

"खाली बसून वाजवतो की काय गं?"

"लहानपणापासून पाठीला पोक काढूनच बसायचा. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

मुंबईची ही मंडळी लॅटिन नाचगाण्यांचं नाटक घेऊन गावोगाव फिरत होती. आज तंजावूरची पाळी. प्रणवेशने घरी दोन पास पाठवले होते, एक अम्माला, एक अप्पांना. पण अप्पा कसले येतात! नटराजराव म्हणजे मृदंगातलं मोठं नाव आणि हट्टातलं त्याहून मोठं. सहा वर्षांपूर्वी मुलाने मृदंग सोडून तो परदेशी उभा ढोल धरला, तेव्हा ते म्हणाले होते, "तो हात माझ्या लेखी मोडला." त्याच दिवशी स्वतःचा मृदंगही कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. तेव्हापासून बापलेकांत अवाक्षर नाही.

आज दुपारी फोन वाजला, तो त्यांनीच उचलला. बराच वेळ कानाला लावून उभे राहिले, मग "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. चंद्रमती शेजारी जाऊन येते तोवर "मठात जातो" अशी चिठ्ठी ठेवून स्वारी निघूनही गेली होती. स्वयंपाकघरात रव्याचा डबा उघडाच. मठातल्या झाडाखाली मुंग्यांना मूठभर रवा घालायची त्यांची जुनी सवय.

"मुंग्यांची कणव येते, पोटच्या पोराची नाही," असं पुटपुटत तिने झाकण आपटलं आणि त्यांचा पास घेऊन गंगाबाईंचं दार गाठलं.

पण आज तिनेही ठरवलं होतं. प्रणवेशचं वादन फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी जाऊन त्यांच्या कानाशी धरायचं. एकदा, फक्त एकदा त्यांनी लेकाचा हात ऐकावा. मग खुशाल मोडला म्हणावं.

पहिलं गाणं झालं. टाळ्या कशाबशा. तंजावूरचा श्रोता तो, चांगलं म्हणायची घाई त्याला कधीच नसते. झालरीचे घागरे गरगर फिरवत मुली आल्या, तर पुढच्या दोन मावश्यांनी आपलेच पदर सावरून घेतले. कॉलेजच्या पोरांनी शिट्टी मारली, तर अख्खं सभागृह वळून त्यांच्याकडे बघू लागलं.

पुढच्या रांगेत गावच्या संगीत सभेचे जुने चिटणीस सीतारामराव हाताची घडी घालून बसले होते. "अय्यो, काय हा गोंगाट! याला ताल म्हणायचं?" ते चांगलं मोठ्याने म्हणाले.

चंद्रमतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. थांबा म्हणावं जरा, माझ्या लेकाचा हात अजून ऐकला नाहीत.

आणि मग नाचणाऱ्या मुली जागच्या जागी थबकल्या. इतर वाद्यं गप्प झाली. भिंतीमागून एकटंच वाद्य बोलू लागलं. आधी त्या परक्या ठेक्याशी जरा दबकत, चाचपडत; मग ठेका हाती लागला तसं मोकळं, ऐसपैस. आणि डाव्या हाताचा तो खोल घुमारा! चाळीस वर्षं पहाटे अंथरुणातून ऐकलेला. चंद्रमतीच्या अंगावर काटा आला. तिने घाईघाईने फोन समोर धरला.

"हा तर मृदंग!" सीतारामराव ताठ झाले.

"नव्हे हो, ढोलच आहे परदेशी," ती पुढे वाकून म्हणाली. "हात मात्र आमच्या घरचा. माझा मुलगा वाजवतोय."

"नटराजचा मुलगा?" त्यांनी वळून पाहिलं. "बापाचा हात जसाच्या तसा उतरलाय की! आणि हा म्हातारा सांगत फिरतो, पोराने विद्या बुडवली म्हणून?"

"तेच तर! तुम्हीच सांगा त्यांना आता."

चंद्रमतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सीतारामरावांची घडी केव्हाच सुटली होती. मांडीवर ताल पडू लागला. त्यांचं पाहून रांगेने धरला, मग मागच्या रांगेने. मघाच्या मावश्यासुद्धा बोटांवर मात्रा मोजू लागल्या. कठीण हिशोबाचा शेवटचा तुकडा तीनदा येऊन नेमका समेवर पडला, त्याच क्षणी मुलींचे पाय पडले, आणि सीतारामराव "शाभास!" म्हणून ओरडले. सगळं सभागृह उभं राहिलं.

"फोनमध्ये आलं का सगळं?" गंगाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता बघतेच कसे ऐकत नाहीत ते!" असा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता. ओळखीचं कोणी दिसलं की ती तिसऱ्या टोपीकडे बोट करत होती.

नाटक संपलं. पिवळी भिंत बाजूला सरकली आणि सूत्रधार एकेका वादकाचं नाव सांगू लागला. पहिल्याने टोपी काढली. दुसऱ्याने काढली. तेवढ्यात पडद्याआडून एक तरुण चालत पुढे आला.

प्रणवेश होता तो. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

चंद्रमतीने तिसऱ्या टोपीकडे पाहिलं. ती जागेवरच होती.

सहा महिन्यांचं बाळ उचलावं इतक्या जपून त्याने डाव्या हाताने तिसरी टोपी उचलली. खाली नटराजरावांचं टक्कल होतं, कपाळावर मठातल्या अंगाऱ्याची उभी रेघ, आणि मांडीवरच्या मृदंगाच्या डाव्या तोंडाला, घुमारा यावा म्हणून भिजवून थापलेला, तिच्या डब्यातला रवा.