चाळीसपैकी शून्य

आबासाहेबांनी पेपर टेबलावर आपटला. टेंभुर्णीच्या इंग्लिश शाळेची प्रवेश परीक्षा, विषय गणित. त्यांच्या ऋतुजाला चाळीसपैकी शून्य. इतके कमी गुण आजवर कुणालाच पडले नव्हते, हेही त्या शाळेनं त्यांना आवर्जून सांगितलं होतं.

"गुरुजी, तीन वर्सं पोरगी तुमच्या हाताखाली हाय. काय शिकिवलं तुमी?"

यज्ञेश्वर गुरुजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. वस्तीवरच्या या झेडपीच्या शाळेत हेडमास्तर तेच, शिक्षक तेच आणि घंटा बडवणारेही तेच. शाळेचा पट दहा. दहाच्या खाली गेला की शाळा बंद आणि पोरं हायवेपलीकडच्या शाळेत, असं पत्र जूनमध्येच आलं होतं. ते त्यांनी वर्गात वाचून दाखवलं होतं, कारण वाचून दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. ऋतुजा गेली असती तर नऊ उरले असते. तरी आबासाहेबांनी सांगितल्यावर तिची तयारी गुरुजींनीच करून घेतली. आपल्याच पायावर धोंडा पाडायचा तर तो नीट पाडावा, असा त्यांचा स्वभाव.

"आवो, चार-चार पर्याय हुते. डोळं झाकून गोल काळं केलं असतं तरी धाएक मार्क पडलं असतं की!"

"तेही शिकवलंय," गुरुजी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या हितंच. हिला आता कोन घेतंय?" आबासाहेबांनी गाडीला किक मारली आणि ते गेले. पेपर टेबलावरच राहिला.

शाळा वाचली होती. गुरुजींना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शिकवून हाती शून्य. ते पेपर चाळत बसले.

ऋतुजा फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं लिहीत होती. पट दहा, हजर दहा. ते काम तिचंच होतं.

"ऋतुजा, नऊ नवे?"

"एक्क्याऐंशी," ती वळूनही न बघता म्हणाली.

"मग पेपरात अठ्ठ्याऐंशी कसे?"

दहा नीट उमटला नव्हता, तो तिनं पुन्हा गिरवला.

गुरुजींनी पान उलटलं. एकोणचाळीस गोल एकदाच आणि ठसठशीत काळे केलेले. सतराव्या प्रश्नाला मात्र एक गोल आधी काळा करून मग खोडरबरानं इतका घासला होता की कागद फाटायला आला होता. काळा गोल आता शेजारी होता.

"आणि सतराव्याला एवढी खोडाखोड का गं?"

ऋतुजानं खडू खाली ठेवला.

"ते चुकून बरोबर आलं हुतं, गुरुजी."