शेवट बदलून मिळेल का?

“जगातली माणुसकी काल संध्याकाळी संपली,” आजींनी फोनवर जाहीर केलं. “सगळ्यांच्या डोळ्यांदेखत संपली, आणि तुमच्या चॅनलने मध्ये साबणाच्या जाहिराती दाखवल्या. थांबा हं, दूध उतू चाललंय.”

तक्रारकक्षातल्या ताई थांबल्या. थांबण्याचाच त्यांना पगार मिळत असे.

आदल्या संध्याकाळी भुताच्या मालिकेचा शेवटचा भाग झाला होता, आणि सकाळपासून कक्षातल्या एकाही फोनला उसंत नव्हती. मालिकेतली मेलेली आई जुन्या घरात मुलाची वाट बघत राहते. शेवटी मुलगा येतो, पण घर विकायला. ती अगदी समोर उभी असते, त्याला दिसत नाही. तो कुलूप लावून निघून जातो आणि आई हळूहळू विरून जाते. मागे बासरी.

घात केला तो बासरीने. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी एका निवृत्त फौजदारांना समजावत होता, की पात्र आधीच मेलेलं असल्यामुळे लेखकावर खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. त्याआधी एका दंतवैद्यांनी दवाखान्यातूनच फोन केला होता. ते लेखकाला शिव्या घालत होते आणि खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून ‘आँ, आँ’ असा पाठिंबा देत होता.

“आले,” आजी म्हणाल्या. “वाचलं दूध. आता मला त्या लेखकाला जोडून द्या.”

“लेखकसाहेब फोनवर येत नाहीत, आजी. मला सांगा, मी निरोप पोचवते.”

“नक्की? दुसरीकडे लावून लावून बोटं दुखली माझी. कोणी उचलत नाही. तुम्ही निदान उचलला.”

“नक्की पोचवते. शब्दन् शब्द.”

“मग विचारा त्याला, अक्कल कुठे गहाण ठेवली होती म्हणावं. पोटचा पोरगा दारापर्यंत येतो आणि आत डोकावल्याशिवाय कुलूप लावतो? एक हाक मारली असती तर जीभ झडली असती का? आणि घर विकणार म्हणे! विचारलं कुणाला?”

“पण आजी, ती भूत होती ना.”

“कोणी सांगितलं?”

असा प्रश्न ताईंना दिवसभरात कोणी विचारला नव्हता. त्यांनी मालिका आठवून पाहिली. “जिन्यातला दिवा आपोआप लुकलुकायचा.”

“बल्ब जायला आला की लुकलुकतोच.”

“कपाट आपोआप उघडायचं.”

“खिट्टी झिजलीये. कागदाची घडी खुपसली की राहतं बंद.”

“आणि रात्री पावलं वाजायची ती?”

“गुडघे ठणकायला लागले की माणूस पडून राहतो का? येरझाऱ्या घालतो.” आजींचा आवाज चढला. “बाई म्हातारी झाली, एकटी राहिली, की लगेच भूत करून टाकायची? जिन्यातून येणारेजाणारे मान वर करून बघत नाहीत, म्हणजे ती नाहीच?”

ताईंच्या हातावर उगाचच काटा आला. त्यांनी पंखा कमी केला.

“तुम्ही कुठून बोलताय, आजी?”

“घरातून. अजून कुठून बोलणार?”

“घरात कोण कोण असतं?”

“कोणी नाही. मी असते, पण मला कोणी जमेत धरत नाही.”

ताईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला. शेजारच्या फोनवर फौजदार अजून ओरडत होते. त्या आवाजाने त्यांना जरा धीर आला.

“मग तुमच्या मते शेवट कसा हवा होता?”

“साधा. मुलगा येतो, दार वाजवतो. आई उघडते आणि विचारते, जेवलास का. संपलं. तुमचा बासरीचा खर्चही वाचला असता.”

“पण लोक रडले नसते, आजी.”

“लोकांना रडवायला आईचा जीव घ्यायचा? एवढी हौस असेल तर घरोघरी कांदे वाटा म्हणावं!”

आता मात्र ताईंनाही राग आला. रागवायची परवानगी नव्हती, म्हणून त्या मऊ आवाजात बोलल्या. “आजी, इतकं लागेल असं नका बोलू. त्यांनी काळजातून लिहिलंय ते. भाग संपल्यावर त्यांची मुलाखत झाली, बघितली नाही का तुम्ही?”

“मी टीव्ही बंद केला होता. संतापाने.”

“ते म्हणाले, आई आजही त्या घरात असते, असं मला वाटतं. एवढं बोलले आणि रुमालच काढला त्यांनी. इथे आम्ही सगळे डोळे पुसत होतो. आई गेल्याचं दुःख असतं ते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.”

पलीकडून दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. 

“वाटतं म्हणाला?”

“हो.”

“नुसतं वाटतं?”

“हो, आजी.”

“बरं.” आजींचा आवाज एकदम खाली आला. तापलेल्या माणसाने असं अचानक थंड व्हावं, हे ताईंना कधीच आवडत नसे. “तुमची काय चूक, बाई. तुम्ही आपला निरोप द्या.”

“देते ना. कोणाचा फोन होता म्हणून सांगू?”

“आईचा होता म्हणावं. ती घरात असते, नुसती वाटत नाही. आणि येताना जिन्यातला बल्ब तेवढा घेऊन ये म्हणावं, माझा हात पोचत नाही.”