टाकीतला शेठ

शेठ पुन्हा मेला होता. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, रुंद पानांच्या रोपाखाली आडवा पडला होता.

धाकटीने आधी आईकडे पाहिलं. आई खुर्चीत मान टाकून डुलकी काढत होती. मग पाय न वाजवता धाकटीने जाळी आणली, शेठला बाहेर काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. नमुना दाखवल्याशिवाय तसाच मासा मिळणार कसा?

शेठ म्हणजे काळ्या पट्ट्यांचा एंजलफिश. नाव बाबांनी ठेवलेलं, कारण खायला सगळ्यांच्या पुढे आणि एरवी नुसतं मिरवणं. बाबा गेले, पाठोपाठ आईची उजवी बाजू लुळी पडली, आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘यांना टाकीसमोर बसवत जा, मन रमेल.’’ झालं. तेव्हापासून आई टाकीपाशी अडकली आणि धाकटी आईपाशी.

दूरच्या शहरात नकाशे काढायचं काम तिला मिळत होतं. त्यासाठीच तर शिकली होती ती. मोठी बहीणही आईला न्यायला एका पायावर तयार होती. ‘‘आईला उद्या आण,’’ मोठी म्हणायची, ‘‘पण ते तळं आणू नकोस बाई. माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही.’’ आणि झाडं, रेती, लाकडाचे ओंडके यांच्यासकट ती टाकी हलणार तरी कशी?

‘‘मोठीकडे राहीन की मी,’’ असं आई एकदा म्हणालीही होती. आजारपणानंतर तिचे शब्द अडखळत यायचे. धाकटीने ते कानाआड केलं. जन्मभर ‘मला भूक नाही’ म्हणत स्वतःच्या ताटातलं मुलींना वाढलेली बाई. तिचं असलं बोलणं कोण खरं धरणार?

म्हणून धाकटी टाकीला जपायची. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा. कुजलेली पानं कापायची, शेवाळ माजू नये म्हणून दिवा वेळेवर मालवायचा. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही, हे तर तिने आईलाही चारचारदा बजावलं होतं. इतकं करूनही मासे मरायचे. त्यातही नेमकं नोकरीचं बोलणं निघालं की टाकीत काहीतरी बिनसायचंच. एकेकाचं नशीबच फुटकं, दुसरं काय.

माशांच्या दुकानात पोचल्यावर दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं.

‘‘मॅडम, तुमच्याकडे मासे राहायला येतात की शेवटचे दिवस काढायला?’’

धाकटीला हसू आलं नाही. ‘‘पाणी तपासलंय. सगळं ठीक आहे.’’

‘‘फेस येतो का?’’

‘‘पंपापाशी. थोडासा.’’

‘‘घरात फवारणी वगैरे केली होती कुणी?’’

‘‘घरात आहे कोण? मी आणि आई.’’

दुकानदाराने मान हलवली. बराच वेळ काचेमागे शोधून त्याने एक मासा धरला. ‘‘हा जवळपास तसाच आहे. पट्टा जरा तिरपा आहे.’’

‘‘चालेल. आईची नजर अधू आहे.’’

परतताना नोकरीवाल्यांचा फोन आला. बाई गोड बोलत होत्या, पण उत्तर त्यांना आजच हवं होतं. ‘‘संध्याकाळी कळवते,’’ धाकटी म्हणाली. काय कळवायचं ते ठरलेलंच होतं. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या तिला रडू आलं. मग राग आला. आधी माशाचा, मग बाबांचा, आणि मग आईचाही. आईचा राग आल्याची तिला लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

घरी आई अजून झोपेतच होती. धाकटीने नव्या माशाची पिशवी तशीच टाकीत तरंगत सोडली. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारखं उबदार होईपर्यंत माशाला मोकळं सोडता येत नाही. एरवी हे सगळं आईच्या झोपेत उरकायचं. आज उशीर झाला होता.

‘‘पिशवीत काय गं?’’ मागून आवाज आला.

धाकटी वळली. काहीतरी थाप मारायला तिने तोंड उघडलं आणि तिला एकदम सगळ्याचा वीट आला.

‘‘शेठ मेला, आई. बाबांचा शेठ तर कधीच गेला. त्याच्यानंतरचेही गेले. मी गुपचूप नवे आणते. तुला सोसणार नाही म्हणून.’’

धाकटी आईच्या पायाशी बसली. ‘‘मी एवढं जपते गं. तरी का मरतात, कळत नाही मला.’’

आईने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तिची जीभ शब्दांशी झगडत राहिली.

‘‘मला माहीत आहे,’’ ती म्हणाली.

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘सगळे गेले. पहिल्यापासून. तुझं जपणं चुकत नाही, बाळा.’’

‘‘मग?’’

‘‘मी सांगितलं, मोठीकडे राहीन. तू ऐकलं नाहीस. म्हटलं, मासे संपले की तरी जाशील.’’ आईने दम घेतला. ‘‘साबणाचा हात मीच घालते पाण्यात. तू आपली नवे आणत राहतेस. मी तरी किती मारू गं?’’