गोदाम नाका

पुतळाबाईच्या थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, १९९४ साली, वज्रेश्वरीच्या एस.टी.चा कंडक्टर आंबोड्याच्या थांब्यावर पहिल्यांदाच ओरडला, "चला, गोदाम नाका!"

पुतळाबाई जागची हलली नाही.

"आजी, उतरा. तुमचंच गाव."

"माझं लगीन आंबोड्यात लागलंय, गोदामात न्हाय."

"अहो, गोदाम तुमच्याच शेतात उभं हाय ना?"

"पोरांनी शेत इकलं. गावाचं नाव कोनी इकलं?"

सगळी बस हसली. कंडक्टरने चिडून घंटी मारली. पुतळाबाई थेट वज्रेश्वरीपर्यंत गेली आणि त्याच बसने परत फिरली. थांबा आला तसा कंडक्टर हात जोडून म्हणाला, "आंबोडे आलं, आजी!" तेव्हा कुठे ती लुगडं सावरत ऐटीत उतरली.

पुतळाबाई १९९८च्या माघात वारली, आंबोड्यात.