गाडी निघाली आहे

झोळी बांबूला बांधून झाली होती. तुळशीला आत घालायचं तेवढं बाकी होतं. सूर्यमाळच्या डोंगरावरच्या त्या पाड्यातून अडलेली बाई अशीच खाली नेतात. चौघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा, झपाझप सडकेला उतरायचं आणि मिळेल त्या जीपने खोडाळ्याचा दवाखाना गाठायचा.

तेवढ्यात पाड्याची आशा सेविका मीना, फोनला रेंज मिळते त्या खडकावरून धावत आली. रुग्णवाहिका मागवायच्या नव्या साइटवर तिने पाड्याचं नाव टाकलं होतं. मोबाइलवर हिरवी ओळ उमटली होती: ‘गाडी निघाली आहे.’

यंदा पाड्यापर्यंत कच्चा रस्ता झाला होता. गाडी दारात येणार तर बाईला हिसके कशाला द्यायचे? तुळशीच्या नवऱ्याने, जैतूने, बांबू खाली ठेवला. म्हातारा लहान्या म्हणाला, आपण नेऊच. पण तुळशीच घोंगडीवरून बोलली.

"माझ्या भावानं बनवलंय त्ये. येल गाडी."

भाऊ म्हणजे रूपेश. जव्हारच्या एका संस्थेत तो प्रोग्राम लिहायचा. साइट त्याचीच. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले होते, एखाद्या अवघड पाड्याचं नाव टाक बघू. रूपेशने हौसेने बहिणीच्या पाड्याचं टाकलं. साइटच्या नकाशात तो नवा रस्ता नव्हता. अंतर निघेना, प्रोग्राम मध्येच कोसळला आणि पडद्यावर लालभडक इंग्रजी मजकूर पसरला. भर सभेत शोभा झाली.

"पुन्हा लाल काही दिसता कामा नये," संस्थेचे प्रमुख हेमंतसाहेब एवढंच म्हणाले.

चूक पकडायची, तिची नोंद ठेवायची आणि समोरच्याला खरं ते सांगायचं, हे रूपेश शिकलेला होता. त्याने ती नुसती पकडली आणि गिळली. आत काहीही मोडो, बाहेर ‘गाडी निघाली आहे’ हेच दाखवायचं. नकाशा नंतर बघू, असं त्याने ठरवलं. साहेबांनी पाठ थोपटली. नकाशा तसाच राहिला.

पाड्यात सगळे अंगणात बसून वाट बघत होते. उन्हं कलली. मीनाने खडकावर जाऊन पुन्हा नाव टाकलं, पुन्हा तीच हिरवी ओळ आली. रूपेशला फोन करायचं कुणाला सुचलं नाही. ओळ त्याचीच होती, म्हणजे त्याला कळलंच असणार. झोळी कुडाला टेकून उभी होती. तुळशी आधी ओरडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. पोटातल्या लेकरासकट गेली.

जैतूने खडकावर चढून रूपेशला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. रूपेशने साइट उघडली. गाडीसाठी आलेल्या मागण्यांत पाड्याचं नाव कुठेच नव्हतं.

"दाजी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"तू मनाला लावून घेऊ नको," जैतू डोळे पुसत म्हणाला. "तुझ्याकडून गाडी निघाली व्हती, आमी बघितलं ना. आता तिच्या डायवरचा तेवढा फोन लागतो का बघ. वळणावरून दरीत गेला आसंल बिचारा. पोरं झोळी घेऊन त्याला शोधाया खाली उतरल्यात."